थंड नळीतल्या सुया

सुया.

थोरलीने मायक्रोस्कोपवरून डोळा काढला, चष्मा कोटाच्या टोकाला पुसला आणि पुन्हा डोळा लावला. सुयाच. लांब, सरळ, एकमेकींवर आडव्यातिडव्या पडलेल्या. पत्र्या असायला हव्या होत्या. नव्या शेडमधल्या औषधाचे कण चपटे निघतात, माशाच्या खवल्यांसारखे. आणि थंड नळीत चोंदलेला हा लगदा तिने स्वतःच्या हाताने खरवडून आणला होता. नमुना बदलला असेल असं म्हणायलाही जागा नव्हती.

अशा सुया या आवारात एकाच ठिकाणी होतात. हत्तीच्या पोटात.

हत्ती म्हणजे जुना रिॲक्टर. सासऱ्यांनी आणला तेव्हा त्याच्या पोलादी पोटाला आणि वरच्या वाकड्या वाफनळीला पाहून घरातल्या कोणीतरी ते नाव ठेवलं आणि ते कायमचं चिकटलं. हिवतापाच्या गोळीत जे औषध असतं ते या घराने त्या पोटात शिजवलं, आणि त्यावर दोन पिढ्या वाढल्या. झाडाच्या पाल्याचा अर्क, अर्क विरघळवणारं उग्र सॉल्व्हंट पिंपंच्या पिंपं, वाफ, मग ढवळणं, मग निववणं. निवलेल्या अर्कात आधीच्या बॅचमधले चिमूटभर स्फटिक टाकायचे. ते बीज. त्याच्याभोवती नवे स्फटिक धरतात. हे बीज घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाने टाकायचं, असा इथला रिवाज. सासरे होते तोवर त्यांनी टाकलं. ते गेल्यापासून सासूबाई टाकतात. झाकण उघडलं की नोकरमाणसं दोन पावलं मागे सरतात, सासूबाई बरणीतून चिमूट घेतात, मनात काहीतरी म्हणतात आणि सोडतात.

धाकटीच्या पद्धतीत बीज लागत नाही.

धाकटी म्हणजे थोरलीची नणंद. रसायन शिकून परत आली आणि मागच्या शेडमध्ये दिव्यांभोवती पारदर्शक नळ्यांची वेटोळी घालून बसली. पाल्यातून औषध काढून घेतल्यावर मागे एक आम्ल उरतं, ते हे लोक आजवर फेकून देत होते. तेच आम्ल ती नळीत सोडते, सोबत प्राणवायू, वरून दिव्याचा झगझगीत उजेड. एका टोकाने आम्ल जातं, दुसऱ्या टोकाने औषध येतं, कपातला चहा निवायच्या आत. सॉल्व्हंट लागतं ते नावापुरतं, तेही बंद नळीतल्या नळीत फिरतं. शेवटी थंड नळीतून जाऊन ते पाण्यात पडलं की पत्र्या आपोआप धरतात.

आज सकाळी घरच्यांसमोर तिने पहिल्यांदा ते पूर्ण चालवून दाखवलं. चाललं, सुरेख चाललं. मग पंप कण्हायला लागला, एक जोड फटकन उडाला, आणि उघडून पाहिलं तर थंड नळी गच्च.

आणि नळीत सुया.

*

थोरलीने सकाळी आणखी एक गोष्ट पाहिली होती. ती कोणाला सांगितली नव्हती.

बाटल्या धुवायला ती लवकर आली होती, आवारात अजून कोणी नव्हतं. नवऱ्याला तिने नव्या शेडमधून बाहेर पडताना पाहिलं. दार त्याने ढकललं नाही, हाताने धरून हळूच टेकवलं. घरात कोणी झोपलेलं असावं तसं.

"काय हो, इकडे कुठे?"

"दिवे बघायला गेलो होतो," तो म्हणाला आणि हत्तीकडे निघून गेला.

दिवे लागलेलेच नव्हते.

त्या शेडला तो 'सलाईनवरचा कारखाना' म्हणायचा. बहिणीच्या तोंडावर म्हणायचा, कामगारांसमोर म्हणायचा. सहा महिन्यांत त्याने तिथे पाऊल टाकल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. मग आज, ऐन चाचणीच्या सकाळी? थंड नळीआधीच्या रिकाम्या भांड्याच्या तळाशी बीजाची चिमूट टाकून ठेवायला असा कितीसा वेळ लागतो?

तिने काचपट्टी कागदात गुंडाळली आणि खिशात घातली.

*

पॅकिंगच्या खोलीत मधलं टेबल मोकळं केलं होतं. काका, म्हणजे सासऱ्यांचे धाकटे भाऊ, विक्रीचं सगळं तेच बघत; ते मधोमध बसले. सासूबाई खिडकीपाशी, मांडीवर लेबलांचा गठ्ठा. चुकलेली लेबलं वेगळी काढायचं काम त्या बोलता-ऐकताना करत. दादा, थोरलीचा नवरा, भिंतीला टेकून. धाकटी उभी.

"बसा सगळे. उभ्याने बोललं की आवाज चढतो," काका म्हणाले.

"मला नाही बसायचं. नळी का चोंदली ते कळल्याशिवाय मला बसवणार नाही."

"मग उभी राहा. दादा, तुझं काय म्हणणं?"

"माझं काय असायचंय? सलाईन निघाली, पेशंट गेला." तो हसायला गेला आणि खोकला आला. कोपरात तोंड खुपसून त्याने तो दाबला.

"झालं समाधान?" धाकटी वळली. "हेच हवं होतं ना तुला?"

"जोड उडाला तेव्हा तुला मागे कोणी ओढलं गं?"

"तू ओढलंस. आणि ओढता ओढता म्हणालास, 'सांगितलं होतं.'"

"सांगितलंच होतं."

"हळू बोला रे," सासूबाई लेबलांवरून नजर न काढता म्हणाल्या. "बाहेर माणसं आहेत."

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "हे बघा. आरोग्यखात्याला मला संध्याकाळपर्यंत शब्द द्यायचाय. तापाचे महिने तोंडावर आलेत. खालच्या वस्त्यांत दरवर्षी काय होतं ते मी सांगायला नको. ते लोक मला एवढंच विचारतात, माल किती आणि कधी. हत्ती एकटा पुरा पडणार नाही. मग एक तर ही शेड चालवायची, नाहीतर ती मोडून तिथे दुसरा हत्ती बसवायचा. पत्रा-वेल्डिंगवाल्याशी मी बोलून ठेवलंय."

"बोलून ठेवलंय?" धाकटी म्हणाली. "काका, परवापर्यंत तुम्ही माझ्या बाजूने होतात. दादाला तुम्हीच समजावलंत. शेडच्या किल्ल्या तुम्ही दिल्यात मला."

"मी वेळेवर माल देणाऱ्याच्या बाजूने असतो, बाळ. आज सकाळी तू होतीस."

"आणि आता?"

"आता तुझी नळी चोंदली."

"एकदा चोंदली! हत्तीच्या किती बॅचेस जळाल्या पहिल्या वर्षी? बाबा सांगायचे, आम्ही काळा गूळ विकत होतो म्हणून. तुम्ही हसायचात तेव्हा. हत्ती एकदा पोटभर जेवून उठेपर्यंत माझी शेड आठवड्याचा माल काढेल. घाण नाही, धूर नाही, पिंपं नाहीत..."

"काढेल," काका म्हणाले. "काढला का?"



"दुसरा हत्ती बसला तर त्याला बघणार कोण?" सासूबाईंनी विचारलं.

"दादाच की. दुसरं कोण आहे त्याच्याइतकं तयार?"

दादाने बोटांनी खिशातला श्वासाचा पंप चाचपला, फक्त चाचपला. एवढ्या लोकांत तो कधी काढत नसे. थोरलीने ते पाहिलं. या खोलीत ते पाहणारी ती एकटीच होती.

"सूनबाई," काका तिच्याकडे वळले. "तपासणी तुझी. काय निघालं नळीत?"

*

उत्तर पहिलं.

"काही कळलं नाही, काका. औषध थंड नळीत लवकर धरतंय. पद्धत अजून कच्ची दिसते."

सगळे मान हलवतील. धाकटी रडणार नाही, ती रागाने रात्रभर नळ्या सोडवत बसेल आणि तिला काही सापडणार नाही, कारण सापडण्यासारखं काही नसेल. शेड मोडेल. नवऱ्याचं नाव कुठेही येणार नाही. तो भावासारखा भाऊ राहील, मुलासारखा मुलगा राहील. त्याच्या हाताखाली दोन हत्ती असतील. दोन झाकणं तो उघडेल, दोनदा वाकून आत बघेल, कारण बघितल्याशिवाय त्याला चैन पडत नाही, त्याच्या वडिलांनाही पडत नसे. सासऱ्यांना शेवटच्या वर्षी उशीशिवाय, आडवं होऊन, झोपता आलं नाही. नवरा आता जिन्यावर मध्येच थांबतो, आणि कोणी मागून आलं तर बुटाची नाडी बांधायला वाकतो. डॉक्टरीणबाईंनी थोरलीला बाजूला घेऊन सांगितलं होतं: "त्या वाफेपासून लांब ठेवा. मी देते ती औषधं आपली वेळ काढायला."

उत्तर दुसरं.

जे आहे ते.

मग नवरा असा माणूस ठरेल, ज्याने सख्ख्या बहिणीचं काम मुद्दाम पाडलं. तेही तापाचे महिने तोंडावर असताना. हे घर भांडतं, अबोला धरतं, वेगळी चूल मांडायच्या धमक्या देतं; पण औषधात कोणी खोट केली असं या घरात कधी कोणाबद्दल म्हटलं गेलेलं नाही.

*

"सांग की," दादा म्हणाला. "थांबलीस का? तू कधी रिपोर्टात इकडचं तिकडे केलं नाहीस. आता कशाला करशील?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. चेहरा नितळ. तिला वाटलं, कमाल आहे या माणसाची. मग वाटलं, हा मला सांगतोय की बोल आणि मोकळं कर मला. मग काहीच वाटेना.

तिने काचपट्टी टेबलावर ठेवली.

"सुया निघाल्या. नव्या शेडमध्ये सुया होत नाहीत. हे आपलं जुनं बीज आहे. थंड नळीच्या आधीच्या भांड्यात पडलं, तिथून नळीत गेलं आणि आतच धरलं. नळी आपोआप चोंदलेली नाही, काका. पद्धतीत खोट नाही."

लेबलांचा आवाज थांबला.

"बीज?" धाकटी म्हणाली. "माझ्या भांड्यात बीज येईल कुठून? बीज त्या बरणीत असतं. ती बरणी हत्तीपाशी..." तिने वाक्य सोडून दिलं आणि भावाकडे पाहिलं.

"दादा."

"काय?"

"तू?"

"वेड लागलंय का तुला?"

काका खाकरले. "सकाळी तू शेडमधून निघालास तो मला गेटवरून दिसलास. मी म्हटलं, बरं झालं, बहिणीला मदत करतोय."

दादाने काकांकडे पाहिलं नाही. बहिणीकडेही नाही. बायकोकडे पाहिलं.

"तूही पाहिलंस," तो म्हणाला. "तुला काय वाटतं?"

"नळीत काय निघालं ते मी सांगितलं."

"ते मी नाही विचारलं."

ती टेबलाकडे बघत राहिली. टेबलावर जुन्या चिकटपट्टीच्या खुणा होत्या, एकीवर एक.

"बीज ना?" सासूबाई म्हणाल्या. "ते मी टाकलं."

*

सगळे त्यांच्याकडे वळले.

"असे बघताय काय? मी नाही टाकायचं तर कोणी? नव्या शेडची पहिलीच बॅच. मला कोणी बोलवायला आलं नाही. म्हटलं, गडबडीत विसरली असेल पोर. तुम्ही सगळे चहाला गेलात तेव्हा जाऊन टाकून आले. भांड्याला झाकण होतं, ते पुन्हा लावलं नीट. तुमच्या बाबांचं नाव घेतलं."

"आई," धाकटी म्हणाली.  ती शेवटी बसली, खुर्चीवर नाही, रिकाम्या खोक्यावर. "आई, या पद्धतीला बीज लागत नाही गं."

"लागत नाही म्हणजे?"

"स्फटिक आपोआप होतात."

"आपोआप."

"हो. उलट बीज पडलं की नळी चोंदते."

"मग मला सांगायचं नाही?"

"मला वाटलं, दादाने सांगितलं असेल."

"मला वाटलं, ही सांगेल," दादा म्हणाला. "शेड हिची."

"काका?" धाकटीने विचारलं.

काकांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि काचांमधून खिडकीबाहेर बघितलं.

सासूबाईंनी लेबलांचा गठ्ठा मांडीवरून उचलून टेबलावर ठेवला. नीट, कडा जुळवून. "म्हणजे तुम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "लागणार नाही ते ठाऊक होतं. सहा महिने. तुमचे बाबा गेल्यापासून या आवारात माझं तेवढं एक काम होतं. बाकी हे," त्यांनी लेबलांकडे हनुवटी केली, "हे तुम्ही मला बसल्याजागी काहीतरी हवं म्हणून देता. ते काय मला कळत नाही?"

"आई, तसं नाही..."

"तसंच आहे. आणि त्यात काही वाईट नाही. पण सांगायचं. म्हातारीला सांगितलं तर ती मरत नाही." त्यांचा आवाज तेवढाच राहिला, चढला नाही की फाटला नाही. "दादावर उठलात. सख्खा भाऊ. विचारायला जीभ वळली कशी गं तुझी?"

धाकटीने तोंड ओंजळीत घातलं. हसली की रडली, थोरलीला कळलं नाही. दोन्हीचा आवाज एकच असतो कधी कधी.

काका सावरले, कारण सावरणं हा त्यांचा धंदाच. "बरं. म्हणजे खोट नाही. नळी धुऊन आजच्या आज पुन्हा चालेल का?"

"चालेल," धाकटी ओंजळीतूनच म्हणाली.

"तर मग मी शेडच्या भरवशावर शब्द देतो. पण एकमताने हं. उद्या पुन्हा 'सांगितलं होतं' नको. दादा, तुझं काय? तुला दुसरा हत्ती हवा असेल तर आत्ताच सांग. वेल्डिंगवाला उद्या येतोय."

सगळे त्याच्याकडे बघत होते. थोरली सोडून.

"दुसरा नको," दादा म्हणाला. "आणि पहिलाही, ही बॅच उतरली की बंद करा."

काकांचं तोंड उघडंच राहिलं. "बंद? अरे, तूच तर..."

"मी शेडच्या बाजूने आहे. घ्या लिहून हवं तर." आणि तो भिंतीपासून सुटून बाहेर गेला. दार त्याने हळू लावलं.

धाकटी थोरलीकडे बघत राहिली. "वहिनी, याला काय झालं?"

*

तो पिंपांच्या रांगेपाशी उभा होता. थोरली जवळ गेली आणि हातभर अंतरावर थांबली. त्याहून पुढे जायचा हक्क अजून आहे की नाही, तिला माहीत नव्हतं.

"मी तुमचं नाव घेतलं नाही," ती म्हणाली.

"नाही घेतलंस. आणि ते बोट दाखवत होते तेव्हा 'हा असं करणार नाही' असंही म्हणाली नाहीस. दोन शब्द लागले असते."

"लागले असते."

"म्हणजे तू मानलंस."

खोटं बोलायला आत्ता हरकत नव्हती. खोलीतली गोष्ट खोलीत मिटली होती.

"हो," ती म्हणाली. "मानलं. सुया दिसल्यापासून तुम्हीच केलं असं धरून चालले. आणि तसं धरूनच सांगितलं. तुमचं नाव खराब झालं तर होऊ दे, म्हटलं. घरात कोणी तुमच्याशी बोलेनासं झालं तरी होऊ दे. पण दुसरा हत्ती नको. बाबांचे शेवटचे महिने मी काढलेत. रात्री उशा मी लावायचे त्यांच्या पाठीशी. तुमच्यासाठी नाही लावायच्या मला."

तो पिंपाच्या झाकणावरचा गंज नखाने खरवडू लागला.

"चांगला हिशेब आहे," तो म्हणाला. "बदनाम चालेल, पण जिवंत असू दे."

"हो."

"मला विचारायचं तरी."

"सकाळी विचारलं की. तुम्ही म्हणालात, दिवे बघायला गेलो होतो. दिवे बंद होते."

तो ओशाळून हसला. इतक्या वर्षांत ते हसू तिने फार थोड्या वेळा पाहिलं होतं.

"बसायला जातो," तो म्हणाला.

"कुठे?"

"तिथेच. शेडमध्ये. रोज, ती यायच्या आधी. तिचं ते स्टूल आहे ना, त्याच्यावर. काही करत नाही, बसतो." त्याने मागे वळून नव्या शेडकडे पाहिलं. "वास नाही तिथे. श्वास पुरा आत जातो. विसरलो होतो तसा श्वास असतो ते."

थोरलीही तिकडे बघू लागली. "मग त्या शेडला इतकी नावं का ठेवायचात?"

"काय म्हणू मग? बाबांचा हत्ती मला सोसत नाही म्हणू? आईला म्हणू? कामगारांना म्हणू?"

"मला म्हणायचं."

"तुला म्हटलं असतं तर ते खरं झालं असतं."

मागच्या बाजूने पंप सुरू झाल्याचा आवाज आला. पाण्याने नळी धुवायला घेतली असावी. मग धाकटीची हाक, राग पुरता न उतरलेली: "दादा! जोड धरायला कोणीतरी या रे! मला दोनच हात आहेत!"

तो निघाला. तिच्यापाशी थांबला नाही, खांद्याला हात लावला नाही, तिची चूक पुसली गेल्याचं काही दाखवलं नाही. शेडचं दार उघडलं, आत उजेडाचा एक पट्टा दिसला आणि दार मिटलं.

थोरली जागेवरच राहिली. आत बहीणभावाचं लगेच जुंपलं, कुठला पाना आणि कोणत्या बाजूने फिरवायचा यावरून. त्याचा आवाज चढला, तिचा चढला, त्याचा त्याहून वर गेला. ती कान देऊन ऐकत होती ते शब्द नव्हे. एवढ्या वर आवाज गेला की त्याला थांबावं लागतं, वाकावं लागतं.

तो थांबला नाही. वाक्य पुरं केलं, आणि पुढचं सुरू केलं.

तिने डोळे मिटले आणि त्याला भांडू दिलं.